मोतीराम गुरुजींचं ‘आ कर’

सन छप्पन. मी तेहतीस वर्षांचा, दुसरीत शाळा सोडलेला, आणि मोतीराम गुरुजींवर जळणारा.

गुरुजींना पोरगं दिसलं की रामराम नाही, काही नाही. “आ कर,” म्हणायचे अन् तोंडाशी नाक न्यायचे. दर शनिवारी शाळेत दारूच्या दुष्परिणामांचा धडा शिकवत. पेपरही घेत. सारे पास. पण गुरुजींचं समाधान नाही. “कागदाले वास नसते. खरी परीक्षा गोटमारीले.” पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं पांढुर्णा अन् पलीकडचं सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड हाणतात. त्या दिवशी मोहाची दारू नदीपेक्षा जास्त वाहते.

मला गुरुजी ‘आ कर’ कधी म्हणाले नाहीत. मोठ्यांचा निकाल लागून गेला म्हणे.

माझा गणपत त्यांचा लाडका. घरी माझ्याकडे पाठ करून जेवायचा. “बा, वास येते.” गुरुजींसमोर मात्र तोंड वासायला पहिला नंबर. पोरगं माझं, अन् मान त्यांना.

त्या गोटमारीला मी काठावरच पेला त्याच्या ओठापुढं धरला. “घे एक घोट. पाहू तुझा गुरुजी काय करते.”

“नाही बा.” त्यानं हात झटकला. सारी दारू त्याच्या सदऱ्यावर.

तेवढ्यात गुरुजी आलेच. “आ कर, गणपत.” वास घेतला अन् मागं सरले. गणपतनं माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली. बापाचं नाव नाही घेतलं. मीही तोंड उघडलं नाही. वाटलं, जिंकलो.

गुरुजी दगडांच्या ढिगावर बसले. खिशातून परीक्षेची यादी काढून गणपतच्या नावापुढं फुली मारली. मग मला म्हणाले, “रामाजी, माहा पोरगा नागपूरले पेऊन राहिला. आता तर राज्यांच्या नव्या वाटणीत नागपूरही दुसऱ्या राज्यात चाललं. गावच्या साऱ्या पोरायले आ कर म्हटलं, त्याले एकदाही नाही. घरचा होता ना. वाटलं होतं, तुहा तरी...”

यादीची घडी घालून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळही न भरता मी त्यांच्या दारात गेलो. गुरुजी पहिल्यांदाच “रामराम” म्हणाले.

“पेला माहा होता, गुरुजी. पोराच्या सदऱ्यावर सांडला. त्याची फुली खोडा,” म्हटलं, अन् त्यांच्यापुढं उभा राहून आ केलं.