दामूशेठांचा बहिरा कान

सन १८८४. मी चाळीस वर्षांचा होतो आणि आमच्या ठाण्याचे मिठाचे व्यापारी दामूशेठ ठार बहिरे होते. असं अख्खं बंदर मानायचं, म्हणून मीही मानायचो. मी खाडीत त्यांच्या मिठाचा मचवा हाकायचो. अक्षरं मला जेमतेम येतात, पण अंगठा कुठं लावला नाही. सही करतो.

गरिबाच्या पोराची इंग्रजी शाळा सुटू नये म्हणून शेठ पाचसात पोरांना दरमहा रोख पैसे द्यायचे. अट एकच. रविवारी ओट्यावर येऊन आठवड्याचा धडा त्यांच्या कानात ओरडायचा. "अरे, पोटातून! बाप मचव्यावरून हाक मारतो तसा!" शेठना इंग्रजीतलं ओ का ठो कळत नसे, तरी मान डोलवत. गल्लीतल्या म्हशीसुद्धा तोवर तीन यत्ता शिकल्या असतील.

एखादी आई पाया पडून म्हणे, "शेठ, देव तुमचं भलं करो."

"होय, यंदा मीठ जाडंच आहे," शेठ म्हणत. बाई गप घरी जाई.

मला तो सगळा तमाशा वाटे. माझा गणूही त्याच शाळेत होता, पण माझ्या हिमतीवर. त्या साली मचवा खडकावर फुटला, कमाई बसली आणि फी राहिली. मास्तरांनी सांगितलं, सोमवारी नाव काढतो.

बायको म्हणाली, "अवो, शेठकडं जा की. सगळ्यांची पोरं जातात."

"सगळ्यांचे बाप वाकतात. मी नाही वाकायचा."

"मग पोरालाच वाकवा, गोणी उचलायला!"

शनिवारी मी वखारीत गोणी रचत होतो. शेठ पाठ करून तराजूपाशी बसलेले. मी गोणीशीच पुटपुटलो, "सोमवारी पोराची शाळा सुटणार. सुटू दे. हात नाही पसरायचा."

संध्याकाळी शेठ स्वतः माझ्या दारात.

"धर्मा, माझी एक नड आहे. रोज घरी मोठ्यानं वाचायला पोर हवं. मजुरी रोख, पहिला महिना आगाऊ. पण शाळेत जाणारंच हवं. शाळा सुटली की आवाज बसतो."

"इतकी पोरं ओरडतात की तुमच्याकडं," मी म्हणालो.

"ती रविवारची. बाकीचे दिवस घर बोलत नाही रे. आमचा पोरगा सदू दिवेलागणीला धडे म्हणायचा. पटकीत गेला तो."

मी ओरडलो नव्हतो. नेहमीच्या आवाजात बोललो होतो. ते माझ्या ध्यानात आलं, आणि शेठच्याही. त्यांनी घाईघाईनं कानामागे हात धरला. "काय म्हणालास?"

मी म्हणालो, "काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गणूला घेऊन मी त्यांच्या ओट्यासमोर उभा राहिलो आणि बंदरापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "शेठ! पोर आणलंय! मजुरीवर!"