चौदा पायऱ्यांना हरकत

हसुरामदादांनी एकदा मला भर उन्हात, रिकाम्या अंगणात बसवून भाकऱ्या थापायला लावल्या होत्या. पीठ नाही, परात नाही, चूल नाही. नुसते हात हलवायचे.

झालं होतं असं की आमच्या घराला मागच्या अंगाने नवं स्वयंपाकघर काढायचं ठरलं होतं. गवंड्याने कागदावर छान आखून दिलं होतं. हसुरामदादा आमचे शेजारी. त्यांनी तो कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि घरी जाऊन काथ्याची दोरी नि चार खुंट घेऊन आले. कागदावरचं स्वयंपाकघर त्यांनी अंगणात खऱ्या मापाने आखलं. मग मला म्हणाले, "वयनी, बसा चुलीपुढं. थापा भाकर."

मी नवी नवरी. लाजत लाजत थापली.

"आता मागं वळून पानी घ्या."

वळले.

"आपटलं डोकं! तितं फळी हाय तुमच्या गवंड्याची."

तिथे फळी नव्हती, फळीच्या जागी वारा होता. पण मी खरंच डोकं चोळलं, तुम्हाला सांगते! स्वयंपाकघर दोन हात लांबवलं, आणि त्या फळीवर आयुष्यात एकदाही माझं डोकं आपटलं नाही.

"कागदावर चिकल नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कशालाही लावायचे. पत्रिका जुळली म्हणून कोणी पेढे आणले की पेढा तोंडात टाकून म्हणायचे, "कागदावर चिकल नसतो." सरकारने तळ्याच्या कामाचा हुकूम काढला, तरी तेच. जन्म मिठागरात गेलेला माणूस. आधी वडिलांबरोबर, मग मुकादम म्हणून. मिठागरात पाणी कुठून घ्यायचं, कुठे अडवायचं, बांध कुठे घालायचा, हे सगळं जमिनीवर दोरी टाकून ठरतं. कागदाला तिथे विचारतो कोण? पावलाने चालून त्यांनी सांगितलेलं माप टेपाने तपासलं तर बोटभरही चुकायचं नाही. उंच, वाळलेले, डोक्याला कायम पांढरं फडकं. बायको लवकर वारलेली. एकुलती एक मुलगी, चांगुणा, मुंबईला मावशीकडे राहून शिवणाच्या क्लासात शिकवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ती गेलेलीच होती, त्यामुळे मी तिला पाहिलं नव्हतं. ती गावी कधी यायची नाही आणि दादा तिचा विषय काढायचे नाहीत. मला वाटायचं, काही रुसवा असेल.

आमचं गाव उरणच्या बाजूचं, खाडीकाठचं. नाव नाही सांगत, अजून नातवंडं आहेत सगळ्यांची. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. गाव लहान, पण नगरपालिका होती आणि तिचा तोरा मोठा होता. आमचे हे तिथे कारकून, आणि खाडीकडच्या वस्तीने निवडून दिलेले सभासद म्हणजे हसुरामदादा. त्यामुळे सभेत दुपारी जे व्हायचं ते संध्याकाळच्या चहाला मला दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळायचं.

महाराष्ट्र नुकता झाला होता, आणि एक दिवस बातमी आली की आमच्याकडे रेल्वे येणार. सकाळी मुंबईला कामाला जायचं नि रात्री जेवायला घरी! तोवर मुंबई म्हणजे लाँच. तीसुद्धा ओहोटीला धक्क्याला लागत नसे. मग लाँचमधून होडीत उतरायचं, होडीतून शेवाळलेल्या दगडांवर उडी मारायची, आणि पातळ उचलून चिखल तुडवत वर यायचं. त्यामुळे रेल्वे म्हटल्यावर गाव हरखून गेलं. नव्या स्टेशनांचे नकाशे गावोगावच्या नगरपालिकांकडे आले. सोबत पत्र, की महिन्याच्या आत काही सूचना, हरकती असतील तर कळवा.

सभा भरली. अध्यक्ष होते अण्णावकील. एवढ्या उकाड्यातही काळा कोट घालणारे. त्यांनी तो निळा नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवले, आणि इंग्रजीतून वाचून दाखवला. कोणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सूचना सुरू झाल्या. एक म्हणाला, घड्याळ दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे. एक म्हणाला, स्टेशनाच्या तोंडाशी किराणा दुकानाला जागा ठेवा. त्याचं स्वतःचं किराणा दुकान होतं, हे सांगायला नकोच.

हसुरामदादा शेवटी बोलले. "चढ किती?"

"चढ म्हणजे?"

"आपली जमीन खाराची. भरतीचं पानी येतं म्हनून ते स्टेशन बांधावर घेनार. मंग मानूस वर जानार कसा?"

अण्णावकिलांनी चष्मा पुसला, नकाशावर बोट फिरवलं. "चौदा पायऱ्या आहेत."

"पायऱ्या नको. उतार करा."

"उतार कशाला?"

"म्हावऱ्याच्या पाट्या, भाजीच्या पाट्या. बाया डोक्यावर घेऊन चढनार कशा?"

"अहो हसुराम, माणसांचं स्टेशन आहे हे, मालाचं नाही."

"बाया मानसंच हायत ना?"

सभेत हशा पिकला. पण दादा हसले नाहीत. माझी मंजुरी हवी असेल तर आधी मिठाच्या आगरावर या, म्हणाले. कागदावर चिकल नसतो. आठवडा द्या, स्टेशन दाखवतो.

आणि त्यांनी स्टेशन उभारलं!

त्या वर्षी मिठागराचा एक मोठा तुकडा रिकामा पडला होता. टणक, सपाट, पाटासारखा. आगरावरची माणसं हाताशी घेऊन दादांनी त्यावर चुन्याच्या फक्कीने तो अख्खा नकाशा खऱ्या मापाने आखला. भिंती, दारं, तिकिटाची खिडकी, बायकांची बसायची खोली, फलाट, सगळं. आमच्या ह्यांना तर तिकीटमास्तर म्हणून स्टुलावर बसवलं. फलाटापर्यंत जायला मिठाच्या गोणी रचून मोजून चौदा पायऱ्या केल्या आणि शेजारी मातीचा भराव घालून एक लांब उतार.

रविवारी सगळा गाव जत्रेला यावं तसा आला. चणेवालासुद्धा आला. दादा मधोमध उभे राहून ओरडत होते. "अण्णा, अण्णा! भिंत हाय ती! कपाळ फुटंल!" आणि काय सांगू, अण्णावकील खरंच दचकून मागे सरले, आणि फक्कीची रेघ न ओलांडता वळसा घालून दारातून आत आले. ते आले म्हटल्यावर बाकीचेही. दोन दांडगे पुरुष तिकिटाच्या रांगेत नंबरावरून भांडले. खिडकी नाही, तिकीट नाही, गाडी नाही, आणि भांडण मात्र खरं!

आम्हा बायकांना बायकांच्या खोलीत बसवलं. घटकाभरात पश्चिमेचं ऊन डोळ्यांत यायला लागलं. "मास्तर, आमची खोली फिरवा!" असा मीच ओरडा केला. आमच्या ह्यांनी स्टुलावरून माझ्याकडे असं पाहिलं, की घरी गेल्यावर बघतो. पण सूचना लिहून घेतली.

मग पायऱ्यांची पाळी. दादांनी एक ओली, भरलेली म्हावऱ्याची पाटी आणली आणि अण्णावकिलांपुढे धरली. "चढून दाखवा."

"मी?"

"तुमी अध्यक्ष. आधी मान तुमचा."

गाव बघतोय म्हटल्यावर माघार कशी घेणार? डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, अंगात काळा कोट. पाच पायऱ्या चढले. सहावीवर गोण हलली, आणि अण्णावकील बसले ते बसलेच. पाटीतलं पाणी कोटाच्या आत. एक बोंबील तर वरच्या खिशातच राहिला. कोळणी हसून हसून जमिनीवर बसल्या. मग दादांनी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जानकीला तीच पाटी देऊन उतारावरून पाठवलं. ती पान चघळत वर गेली आणि पान चघळतच खाली आली.

सोमवारी ठराव झाला. चौदा पायऱ्यांना हरकत, उतार असावा. एकमताने.

आता खरी गोष्ट सांगते. त्या रविवारी सगळे पांगल्यावर, उन्हं उतरताना, मी स्टूल आणायला परत आगरावर गेले. तिथे दादा एकटेच होते. उतारावरून वर जात होते, पण चालणं वेगळंच. डावं पाऊल बाहेर फेकायचे, गुडघ्यावर हात दाबायचे, मग उजवं. अर्ध्यात थांबून दम घेतला. पुन्हा खाली आले, फावड्याने वरची माती ओढून उतार थोडा कमी केला, आणि परत तसेच वर.

मी घाबरले. "दादा, पाय लचकला का?"

ते एकदम सरळ उभे राहिले. चोरी पकडल्यासारखे. "न्हाय."

"मग असे का चालताय?"

त्यांनी फावड्याचा दांडा पुसला. मग म्हणाले, "चांगूचा पाय हाय हा. ल्हानपनी ताप आला तवापासून. मी तिचं पाऊल टाकून बघत व्हतो."

मग थोडं थोडं करून सांगितलं. मी या गावात यायच्या आदल्या वर्षी चांगुणा लाँचने घरी यायला निघाली होती. ओहोटी होती. होडीतून दगडावर पाय टाकला आणि ती चिखलात पडली. धक्क्यावर माणसं बसलेली. बसलेली माणसं येणाऱ्याजाणाऱ्याकडेच बघणार. कोणी हसलं, कोणी शिट्टी मारली. पोर उठली, बापाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्याच होडीने, त्याच लाँचने परत मुंबईला गेली. चिखलाच्या कपड्यांनी. घर धक्क्यापासून पाच मिनिटांवर.

"मी खाली पोचेपर्यंत होडी गेली व्हती," दादा म्हणाले.

मला रडू फुटलं. "मग सभेत हे का नाही सांगितलंत? म्हावऱ्याच्या पाट्यांचं कशाला?"

दादा माझ्यावर उखडलेच. "वयनी, माज्या पोरीच्या पायाचा ठराव करू? सूचक कोन, अनुमोदक कोन? आनि तुमचे मालक त्याचं इतिवृत्त लिवनार व्हय?"

मी स्टूल उचललं आणि घरी आले. ह्यांनाही काही बोलले नाही.

पुढे काय झालं म्हणाल, तर स्टेशन झालंच नाही. दोन वर्षांनी एक पत्र आलं, की प्रवासी स्टेशनाचा विचार तूर्त स्थगित. गाव दोन दिवस हळहळला आणि विसरला. दादा मात्र आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी भाकरी-कालवण द्यायला जायची, तर ताट झाकून ठेवा म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते तसंच झाकलेलं असायचं.

नवव्या दिवशी सभेला गेले. उभे राहून म्हणाले, "स्टेशन न्हाय त न्हाय. पन उतार मंजूर झालेला हाय. एकमतानं. तो धक्क्याला द्या."

अण्णावकील कायद्याचा माणूस. एका कामाचा ठराव दुसऱ्या कामाला लागत नाही, हे त्यांना कळत नव्हतं का? पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "नवा ठराव लिहा. सूचक मी." कोटाला अजून बोंबलाचा वास येतो, एवढंच वर म्हणाले. त्यांना चांगुणाचं माहीत होतं की नव्हतं, मला कधीच कळलं नाही.

धक्क्याला दगडी उतार झाला. लांबच लांब, थेट ओहोटीच्या पाण्यापर्यंत. भरती असो नाहीतर सुकती, होडी येऊन उताराला लागायची.

मग दादांनी माझ्याकडून मुंबईला पत्र लिहवून घेतलं. मिठाचं कसं आहे, शेवग्याला शेंगा किती, गाय कधी व्याली, सगळं सांगितलं. "ये" म्हणून काही सांगेनात. मी पेन धरून थांबले. शेवटी म्हणाले, "लिवा. धक्क्याला उतार झालाय. बस."

शिमग्याला ती येतेय म्हणून उलट कार्ड आलं.

त्या दिवशी मी दादांबरोबर धक्क्यावर गेले. बाई गं, काय गर्दी! सणाला येणाऱ्या चाकरमान्यांना घ्यायला अर्धा गाव उताराच्या दोन्ही बाजूंनी बसलेला. दादांनी ती गर्दी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. लाँच दिसली. माणसं होडीत उतरू लागली. दादा मला म्हणाले, "वयनी, तुमी खाली जावा. तिला घ्या."

"आणि तुम्ही?"

ते पाठ फिरवून चालू लागले होते. मी खाली पोचते तोच वरून आरडाओरडा ऐकू आला. धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला नगरपालिकेच्या दिव्याचा खांब होता. दादा तिथे एका खोक्यावर चढून गरजत होते. "बघा! बघा नगरपालिकेचं काम! दोन बोटं वाकडा खांब! कोनी उभारला? बोलवा त्याला!" कधी आवाज न चढवणारा माणूस, शिव्या देत होता. डोक्याचं फडकं सोडून त्याचा ओळंबा करून खांबाला लावत होता. अख्खा धक्का उठून तिकडे पळाला. तमाशा कोणाला नको असतो?

होडी लागली. निळ्या पातळातली एक सावळी बाई उतारावर आली. डावं पाऊल बाहेर, हात गुडघ्यावर. मी तिची पिशवी घेतली, हात दिला नाही. ती हळूहळू वर आली. अर्ध्यावर थांबून दम घेतला, आजूबाजूला बघितलं. आमच्याकडे एक माणूस बघत नव्हता.

"बाबा कुठायत?" तिने विचारलं.

मी वर बोट दाखवलं.

"भांडतायत? कोणाशी?"

"खांबाशी," मी म्हटलं.

ती ऐकत उभी राहिली. मग तिने पदर नीट केला आणि राहिलेला उतार चढून वर आली. दादांनी गर्दीच्या डोक्यांवरून ते बघितलं, शिवी अर्ध्यात सोडली, आणि खोक्यावरून खाली उतरत म्हणाले, "बरा हाय, ऱ्हाऊ दे."

पुढे कित्येक वर्षं मी त्या धक्क्यावर जात आले. दर वेळी थांबून तो खांब बघते. अगदी सरळ आहे.