बारा वाजता फुटणारा बॉयलर

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या हाताखालून गेलेला एकही बॉयलर फुटला नाही, हे बॉयलरसाहेब दिवसातून किमान दोनदा सांगायचे. एकदा सकाळी चहाबरोबर, आणि एकदा कुणी नवीन माणूस तावडीत सापडला की. सरकारी बॉयलर तपासनीस होते ते! निवृत्त होऊन सात महिने झाले, पण नजर काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. कुकरची शिट्टी जरा लांबली तरी ते अख्खं स्वयंपाकघर रिकामं करायला लावत.

तर अशा माणसाला त्यांच्या लेकीने स्टीमपंकच्या संमेलनाला नेलं. वाफेच्या इंजिनांचा जमाना कधी संपलाच नाही असं धरून चालायचं, पितळी चष्मे नि उंच टोप्या घालायच्या आणि घरी बनवलेली अचाट यंत्रं मिरवायची, असा तो सगळा प्रकार. लेकीने आठ महिने खपून एक हवाई जहाज केलं होतं. पुठ्ठा, पत्रा, मोडक्या पंख्याची पाती आणि मागे पिंपाएवढा सोनेरी बॉयलर. त्यावर बायको यंत्रचालक, सासूबाई दिशादर्शक, लेक स्वतः संशोधक आणि साहेब कप्तान. पावणेबाराला स्टेजवर पाच मिनिटं मिळणार होती, तीन परीक्षकांसमोर. त्या पाच मिनिटांसाठी पोरीने सुट्ट्या घालवल्या होत्या, बोटं भाजून घेतली होती. तिने बापाकडे एकच मागणं मागितलं: वेळेवर स्टेजपाशी या. साहेब म्हणाले, मी आणि उशीर? शोभतं का?

साडेअकराला सासूबाईंना तहान लागली. साहेब पाणी आणायला निघाले आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे पाय जागीच थबकले. समोर दोन पुरुष उंचीचा काळाकभिन्न बॉयलर फुसफुसत होता. सांध्यासांध्यातून पांढरी वाफ. दाबाचा काटा लाल पट्टी ओलांडून पार पुढे. आणि जादा वाफ सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह? नव्हताच! शेजारी चिकटवलेल्या मिशांचा एक गृहस्थ हाताची घडी घालून मजेत उभा होता.

"काटा लालच्या पुढे कधीपासून आहे?" साहेबांनी विचारलं.

"सकाळपासून."

"आणि सेफ्टी व्हॉल्व्ह?"

"काढून टाकला. फार कटकट करायचा."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. "इथे जबाबदार माणूस कोण आहे?"

"आमचे प्राध्यापक. ते चंद्रावर गेलेत," मिशाळ गृहस्थ म्हणाला. "बरोबर बारा वाजता हा फुटणार. नक्की या हं. लहान मुलांना आम्ही पुढे बसवतो."

आता तुमच्या-माझ्या डोक्यात उजेड पडला असता. पण साहेबांनी उभा जन्म कारखान्यांत काढलेला. जिथे सगळ्यात जास्त धोका, तिथला फोरमन सगळ्यात जास्त विनोद करतो, हा त्यांचा अनुभव. त्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. पलीकडे लेक वाट बघत होती. तिकडे जावं तर इथे चारशे माणसं मरणाच्या दारात, आणि त्या चारशेंत तीन आपली. पोरगी रागावेल, पण जिवंत राहून रागावेल, असं म्हणून ते एका स्टुलावर चढले आणि गळ्यातली कप्तानाची शिट्टी जीव खाऊन फुंकली.

"बॉयलर फुटतोय! हॉल रिकामा करा!"

लोक धावत सुटले. पण दाराकडे नाही, बॉयलरकडे! साहेब ओरडले, बायका-मुलं आधी. तशी बायका-मुलं पुढे येऊन मांडी घालून बसली. साहेबांनी हात जोडले, त्यांचा आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं. तशा टाळ्या आणखी वाढल्या. एक बाई दुसरीला म्हणाली, किती सहज करतात हो! छातीवर निळी फीत लावलेले तिघे वाट काढत पुढे आले आणि वह्या उघडून भराभर लिहू लागले.

शब्दांनी भागत नाही म्हटल्यावर साहेबांनी आग विझवायचं ठरवलं. कोट हाताला गुंडाळला, देवाचं नाव घेतलं आणि भट्टीचं दार खसकन ओढलं. आत एक बाई धुराचं यंत्र मांडीवर घेऊन पाव खात बसली होती.

"दार लावा हो," ती म्हणाली, "वाफ जाते."

साहेबांनी बॉयलरला हात लावला. थंडगार. प्लायवूड! साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी पुन्हा स्टुलावर चढून लांब स्टेजकडे पाहिलं. जहाज उभं होतं. बायको आणि सासूबाई सलामी देऊन ताठ उभ्या, मध्ये लेक, आणि त्यांच्यासमोर तीन रिकाम्या खुर्च्या. परीक्षक इथे होते, साहेबांना गुण देत! इतकी लाज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. पोरीचे आठ महिने आपण एका शिट्टीत उधळले.

एका परीक्षकाने विचारलं, तुमचा गट कोणता? उत्तर द्यायला वेळ नव्हता. लेकीच्या पाच मिनिटांतली दोनच उरली होती. एकोणतीस वर्षांत खोटा अहवाल न दिलेल्या माणसाने पुन्हा शिट्टी तोंडाला लावली.

"हा नव्हे! खरा धोका त्या स्टेजवरच्या बॉयलरचा आहे. चला, धावा!"

अख्खा हॉल धावला. परीक्षक धावले, मिशाळ गृहस्थही धावला. साहेब धापा टाकत स्टेजवर चढून लेकीशेजारी उभे राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने कळ दाबली, पाती गरगरली, जहाज डोललं. सासूबाई दुर्बीण उलटी धरूनच म्हणाल्या, "जावईबापू, उशीर केलात." लोकांना वाटलं संवादच आहे. हशा पिकला.

शेवटी एका परीक्षकाने सोनेरी बॉयलरवर टकटक केली आणि कप्तानाला विचारलं, "मग, हा सुरक्षित आहे का?"

साहेबांनी बॉयलर न्याहाळला. व्हॉल्व्ह नाही. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या जागी शर्टाची बटणं. दाबमापक म्हणजे डबीचं झाकण, त्यावर डिंकाने चिकटवलेला घड्याळाचा काटा. नोकरीत असते तर जागच्या जागी टाळं ठोकलं असतं. लेक आता त्यांच्याकडेच बघत होती.

"पास," साहेब म्हणाले.

लेक हसली. टाळ्या इतक्या पडल्या की त्या हादऱ्याने दाबमापकाचा काटा निसटला आणि टिक् करून खाली पडला. परीक्षक वहीत डोकं घालून लिहीत होते. कप्तानसाहेबांनी एक पाऊल पुढे टाकलं, काट्यावर बूट ठेवला, आणि निकाल लागेपर्यंत ते तिथून तसूभरही हलले नाहीत.