आधी प्रार्थना, मग बटण

शमुवेल अण्णांनी तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लिफ्टचे ब्रेक तपासले, पण स्वतः कधी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. राजाजीनगरच्या आमच्या इमारतीत ते माझ्या शेजारी, चौथ्या मजल्यावर. मी एकदा म्हटलं, "अण्णा, या लिफ्टचा ब्रेकही तुम्हीच पास केलेला असेल की."

"म्हणून तर," अण्णा म्हणाले आणि जिना उतरू लागले.

माणूस निपाणीकडचा, पक्का ख्रिस्ती, आणि काळीज सशाचं. गॅस, गिझर, मिक्सर, कशालाही हात लावायचा तर नियम एकच: "आधी प्रार्थना, मग बटण." कुकर चढवण्याआधीची प्रार्थना इतकी लांबायची, की भिजवलेल्या डाळीला मोड यायची वेळ यायची. त्यांच्या चर्चमधली उपासना कन्नडमध्ये असे आणि अण्णांचं कन्नड माझ्या मराठीपेक्षा चांगलं. तरी भीतीची प्रार्थना मात्र मराठीतच. "भीती मला मराठीतनं वाटते, जोशी. तिला कन्नडात घालवून कसं चालंल?"

मग त्यांच्या बायकोला, रूथ अक्कांना, अर्धांगवायू झाला. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात व्यायामाला न्यायचं, आणि चाकाची खुर्ची काही जिन्यावरून जात नाही. तेव्हा अक्का माझ्यासोबत लिफ्टनं आणि अण्णा जिन्यानं, असं ठरलं.

आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, चालीनं बैलगाडी. अण्णा धापा टाकत प्रत्येक मजल्यावर तिच्याआधी पोचत आणि जाळीला तोंड लावून विचारत, "रूथ?"

"आहे," अक्का आतून म्हणत.

तिसऱ्यावर, दुसऱ्यावर, पहिल्यावर, हेच. खाली अण्णा घाम पुसत म्हणत, "प्रभूनं सांभाळलं."

"मला सांभाळलं हो," अक्का माझ्याकडे बघून म्हणत, "ह्यांचे गुडघे कोण सांभाळणार?"

सगळी इमारत हसायची. मीही हसायचो. आता त्याची लाज वाटते.

एका सकाळी अक्कांना दुसरा झटका आला. खाली रुग्णवाहिका उभी होती. मी खुर्ची लिफ्टमध्ये घेतली आणि अण्णा सवयीनं जिन्याकडे वळले. अक्कांनी चालत्या हातानं त्यांची बाही धरली. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले. "आज तुम्ही या."

जाळीच्या चौकटीला धरून अण्णा क्षणभर उभे राहिले. मग आत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आधी बटण दाबलं. प्रार्थना वाटेत केली, डोळे उघडे ठेवून, अक्कांच्या तोंडाकडे बघत. मराठीतच.

अक्का परत आल्या नाहीत.

त्यानंतर अण्णा रोज लिफ्टनं जायला लागले. विश्वासानं भीती जिंकली म्हणून त्यांच्या पाळकांनी उपासनेत सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतलं. इमारतीतले लोकही शाबासकी देऊन गेले. मलाही बरं वाटलं होतं. एकदा लिफ्टमध्ये मी तसं बोललो, तर अण्णांनी जाळी घट्ट धरली.

"कुठं गेली भीती? हाय की."

"मग जिन्यानं जा ना, अण्णा."

"ती माझ्याशी शेवटचं हितंच बोलली." मग म्हणाले, "प्रभूला सांगितलंय, भीती न्यायची नसंल तर राहू दे. तू तेवढा आत ये. येतो तो, स्वल्प उशिरा येतो."

मी घरी येऊन रडलो.

परवा सकाळी मी जिन्यानं उतरत होतो आणि शेजारून लिफ्ट खाली चालली होती. आत अण्णा एकटेच होते. अंग चोरून कोपऱ्यात उभे, चाकाच्या खुर्चीपुरती जागा मोकळी सोडून. ओठ हलत होते. तिसरा मजला आला तसं प्रार्थना थांबवून ते जाळीकडे वळले आणि म्हणाले, "आहे."

दुसऱ्यावरही म्हणाले. पहिल्यावरही. हाक कुणीच मारली नव्हती.