साहेबाच्या वाट्याची चूक

मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. डोक्यावरचे केस गेलेले, मिशीत पांढरं आलेलं. पेशकार काकांनी माझ्या अर्जात माझं वय लिहिलं चोवीस. मी म्हटलं, "काका, आकडा उलटा पडला." काकांनी चष्मा कपाळावर सारला, माझ्याकडं एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "हात लावायचा नाय. ती चूक साहेबाच्या वाट्याची आहे."

हे पेशकार काका म्हणजे मुकुंदवाडीतले आमचे शेजारी, दोन घरं सोडून तिसरे. नाव भानुदासराव, पण ते फक्त रेशनकार्डावर. उर्दू शाळेत शिकलेले. निजाम गेला, त्या पोलीस ॲक्शननंतर थोड्याच दिवसांत कचेरीला चिकटले. पुढं दफ्तर मराठीत आलं, काकाही मराठीत आले, पण फायलीला 'मिसल' आणि अर्जाला 'दरख्वास्त' म्हणायचं काही सुटलं नाही. खरं तर पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारा, ते कधीच नव्हते. परवान्याच्या शाखेत धाकटे कारकून म्हणून लागले आणि थोरले कारकून म्हणून रिटायर झाले. पण बोलण्यात असा काही रुबाब की गल्लीनंच त्यांना पेशकार करून टाकलं.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात. काका स्वतःच्याच ओट्यावर बसले, मांडीवर फळी घेऊन. कुणाला पानटपरी टाकायची आहे, कुणाला पिठाची गिरणी, कुणाला सायकलचं दुकान. ज्याला परवाना पाहिजे त्यानं कागद घेऊन यायचं, काका दरख्वास्त लिहून देणार. मोबदला म्हणून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "सही झाल्यावर पाज," म्हणायचे. टाचण्या मात्र आपल्या आपण आणायच्या. त्या टाचण्या काका सदऱ्याच्या कॉलरीत ओळीनं खोचून ठेवत. समोरच्या गॅरेजवाला रशीदभाई ईदला गळाभेटीला आला की दारातूनच विचारायचा, "काका, पिन निकाले क्या?"

घरात एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा तिकडं इंदूरला. माझी बायको सुनंदा अधूनमधून भाजीची वाटी पाठवायची. वाटी धुऊन परत यायची आणि आत चिठ्ठी असायची: "भाजी पावली. मीठ कमी. माहितीस्तव सादर." पहिल्या वेळी सुनंदा लई भडकली. "फुकटचं खाऊन वर शेरा मारतात!" मग तिला त्या चिठ्ठ्यांची सवयच लागली. चिठ्ठी आली नाही तर विचारायची, काका बरे आहेत ना?

तर त्या चोवीसच्या आकड्याची गोष्ट. मी सतरा वर्षं एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. कारखाना बंद पडला. माझ्या वयाला दुसरीकडं कोण घेणार? तेवढ्यात सरकारनं जाहीर केलं की लहान धंद्यांना आधार देणार, परवाने झटपट, सगळं काम एका खिडकीत. सुनंदानं वैजापूरच्या भावाकडून त्याचं जुनं मिरची कांडायचं मशीन आणवलं. मशीन टेम्पोतून आलं, चार माणसांनी पडवीत उतरवलं, आणि गोणपाट पांघरून तिथंच बसलं. कारण मशीनला मोटर, मोटरीला वेगळं मीटर, आणि मीटरला परवाना. आणि परवाना पाहिजे तो उन्हाळ्याच्या आत. वर्षाची मिरची बाया चैत्र-वैशाखात कांडून घेतात, एकदा पाऊस सुरू झाला की कोण येतंय? हंगाम हुकला की वर्ष गेलं. घरात बसून वर्ष काढणं मला जमणारं नव्हतं, सुनंदाला तर त्याहून नाही.

म्हणून मी काकांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी दोन दिवस घेतले, अर्ज सुरेख लिहिला, आणि वय टाकलं चोवीस.

"अरे, समजून घे," काका म्हणाले. "साहेबाचं काम काय? तपासणं. तुझी दरख्वास्त त्याच्या पुढं गेली आणि त्याला त्यात काहीच घावलं नाय, तर त्यानं दिवसभर करायचं काय? मग तो खणत बसतो. खणलं की काय बी निघतं. त्यापेक्षा एक चूक आपणच वाढून ठेवायची. बारकी, वरवरची, जाग्यावर दुरुस्त होणारी. त्याला घावली की तो खूश. गोल करतो, तुला दोन शब्द बोलतो, सही ठोकतो. तू घरी."

हे शास्त्र त्यांनी उभ्या नोकरीत तयार केलेलं होतं. कचेरीत खालचा प्रत्येक कारकून वर कागद पाठवताना साहेबासाठी काहीतरी राखून ठेवायचा म्हणे, काकांनी फक्त त्याला शिस्त लावली. कुठल्या साहेबाला काय आवडतं ते त्यांना पाठ. एकाला तारीख राहिलेली आवडते, एकाला सही चुकीच्या जागी, एकाला बेरीज. "सध्याचा साहेब वयाचा आहे," काका म्हणाले. "शाळेचा दाखला मागं टाचलाय. त्यावरून त्याला बरोब्बर पकडता येतं. लई समाधान वाटतं त्याला."

मी मान डोलावली आणि निघालो. पण मी पडलो स्टोअरकीपर. सतरा वर्षांत माझ्या रजिस्टरात एक नटबोल्ट इकडचा तिकडं झाला नव्हता. कचेरीच्या पायरीवर उभा राहून तो चोवीसचा आकडा बघितला. सरकारी कागदावर खोटं वय! खिशातून पेन काढलं, चोवीस खोडलं, बेचाळीस केलं, बाजूला छोटी सही मारली आणि अर्ज खिडकीत दिला. काय अवदसा आठवली मला!

खिडकी एकच होती, हे खरं. पण तिच्या मागं सात टेबलं होती. आठवड्यानं साहेबांनी आत बोलावलं. त्यांनी अर्ज पुढून मागं वाचला, मग मागून पुढं वाचला. दाखला बघितला, वय ताडून पाहिलं, पुन्हा अर्ज उलटला. माणूस कावराबावरा झाला होता.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच दिलाय साहेब."

"सगळंच कसं काय बरोबर आहे? खोडलंय तिथंही सही?" साहेब माझ्याकडं संशयानं बघत म्हणाले. मग कोपऱ्यात लिहिलं, "मत मागवावे," आणि अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला.

तिथून जे सुरू झालं ते सांगायचं म्हटलं तरी आता दम लागतो. दुसऱ्या टेबलानं शेरा मारला, जागेचा नकाशा जोडला आहे, पण तो जोडण्याचं कारण नमूद नाही. मी कारण नमूद केलं. तिसऱ्या टेबलाला ते कारण वेगळ्या कागदावर पाहिजे होतं. चौथ्या टेबलावरचा माणूस रजेवर होता. तो आला तेव्हा तिसऱ्याची बदली झाली होती आणि नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून बघायचं होतं. पाचव्यानं मात्र मला बसायला खुर्ची दिली, त्याचे मी आजही उपकार मानतो. मुकुंदवाडी ते कचेरी, कचेरी ते मुकुंदवाडी. सायकलची चेन दोनदा बदलली. चैत्र आला, वैशाख आला. आमच्या दारावरून बाया मिरच्यांच्या पिशव्या घेऊन दुसरीकडं जायच्या, आणि सुनंदा पडवीत त्या गोणपाटाशेजारी उभी राहून बघायची. मग पाऊस आला.

श्रावणात मी काकांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. इतके दिवस मी त्यांना तोंड चुकवत होतो.

"काका, मी त्या चोवीसला हात लावला होता."

काकांनी कॉलरीतली एक टाचणी काढली, पुन्हा तिथंच खोचली. मला वाटलं, आता आपली भादरतात. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला पहिल्याच महिन्यात कळलं. चोवीसवाला इतके दिवस अडकत नाय." मग म्हणाले, "मी बी एकदा असाच शहाणा झालो होतो. जाऊ दे. कोरा कागद आण."

या वेळी त्यांनी वय बरोबर लिहिलं आणि पान तीन हा आकडा दोन पानांवर टाकला. साहेबही नवे आले होते. काकांनी आधी दोन दिवस कचेरीत चक्कर टाकून, त्यांच्या शिपायाशी गप्पा मारून, साहेबांची आवड काढून आणली होती. मी अर्ज दिला. साहेबांनी पानं उलटली आणि एकदम खुर्चीत सरसावून बसले. "अहो! पान तीन दोनदा? लक्ष कुठं असतं तुमचं?" लाल शाईचं हे एवढं वर्तुळ केलं, पाच मिनिटं मला फैलावर घेतलं, शेजारच्या टेबलाला बोलावून दाखवलं. इतका आनंदी साहेब मी त्या इमारतीत पहिल्यांदा बघितला. मग दुसऱ्या तीनचा चार करून त्यांनी सही केली. परवाना अकराव्या दिवशी हातात, मीटर दिवाळीनंतर दारात.

फाल्गुनात मशीन सुरू झालं. अख्खी गल्ली शिंकायला लागली. सुनंदा तोंडाला पदर बांधून मशीनपुढं उभी होती, डोळ्यांतून पाणी, आणि हसत होती. पहिल्या घाण्यातलं तिखट तिनं डब्यात भरलं आणि म्हणाली, "आधी काकांना द्या."

काकांनी डबा उघडला, वास घेतला, चार शिंका दिल्या आणि म्हणाले, "पावलं." मग मी निघालो तर म्हणाले, "बस जरा. चहा पाजायचा राहिलाय तुझा, तो उद्या पाज. आज एक दरख्वास्त लिहायची आहे. माझा हात आता थरथरतो. तुझा हात स्टोअरचा, बरा आहे."

त्यांनी ट्रंक उघडली. वर कापडात गुंडाळलेला पितळेचा साचा होता, खडू पाडायचा. तेल लावून लखलखीत ठेवलेला. त्याखाली एक जाडजूड मिसल. मी फॉर्म घेतला. परवान्याचं वार्षिक नूतनीकरण. धंदा, खडू तयार करणे. परवानाधारकाचं नाव, अरविंद भानुदास. म्हणजे इंदूरचा मुलगा. मिसलीत एकाखाली एक पावत्या होत्या, दरसालची एक, सगळ्यात खाली मूळ अर्ज. सुरेख अक्षर, शाई जरा फिकट पडलेली. सवयीनं मी त्यात चूक शोधायला लागलो. तारीख बघितली, सह्या बघितल्या, पानांचे आकडे बघितले.

"नाय सापडायची," काका म्हणाले. "त्यात ठेवलीच नाय. चार दिवस रजा काढून लिहिला होता. पोराचा कागद, त्यात आपल्या हातानं खोट कशी ठेवू? म्हटलं, एक तरी अर्ज असा जाऊ दे की कुणी बोट ठेवू नये."

मी मिसल मिटून मांडीवर ठेवली.

"चौदा महिने तो अर्ज फिरला. माझ्याच कचेरीत, माझ्या डोळ्यांपुढं, या टेबलावरून त्या टेबलावर. पोरासाठी साहेबापुढं तोंड उघडायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं. नाय उघडलं. अरविंद म्हणाला, बाबा, गावाचे परवाने तुमच्या हातून जातात आणि माझा एक होत नाय? आणि गेला. तिकडं दुसऱ्याच्या कारखान्यात लागला. तो गेला आणि विसाव्या दिवशी परवाना आला." काका साच्यावरून कापड फिरवत होते. "दिवाळीला कार्ड टाकतो. दोन ओळी असतात. धंद्याचं कधी काढत नाय."

"मग हे दरसाल?"

"खंड पडला तर परवाना मरतो. उद्या तो आला आणि म्हणाला, बाबा, इथं काहीतरी करतो, तर त्याला पुन्हा त्या खिडकीत उभं करू काय? नाय. आला की साचा घ्यायचा आणि कामाला लागायचं."

मी खाली मान घालून फॉर्म भरत गेलो. नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक. सगळं झाल्यावर, आता आपण शहाणे झालो आहोत म्हणून, विचारलं, "काका, साहेबाच्या वाट्याची चूक कुठं ठेवू?"

काकांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, 'धंदा सध्या चालू आहे काय?'

"तिथं लिही, चालू आहे," काका म्हणाले. "दरसाल तीच एक ठेवतो. आजवर एकाही साहेबाला घावली नाय."

मी लिहिलं, 'चालू आहे'. काकांनी कॉलरीतली टाचणी काढून दिली, ती मी कागदाला लावली.