टायरचे पुनर्वसन

"ब्रेक हल्ली उशिरा लागतो," फाटकाच्या खांबाला थडकलेली गाडी मागे घेत सासरे पुटपुटले.

"हो ना," शेजारच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. "आणि खांबही जरा पुढेच आहे."

मोटारीच्या बाबतीत एक मूलभूत सत्य ध्यानात ठेवावे: बिघाड नेहमी यंत्रात होतो. चालवणारा घरातला ज्येष्ठ असेल, तर तो फक्त यंत्रातच होतो. या तत्त्वानुसार आमच्या घराने गाडीची जी निगा राखली तिला तोड नाही.

प्रथम ब्रेक तपासून घेतले. मेकॅनिक म्हणाला, ब्रेक उत्तम आहेत. सबब मेकॅनिक बदलला. मग सासरे म्हणाले, समोरची काच धुरकट आहे. माझ्या नवऱ्याने काच पुसली, वायपर बदलले, पुन्हा काच पुसली. धुरकटपणा हटेना, तेव्हा काचच बदलली. दिवे इतके प्रखर बसवले की समोरून येणाऱ्यालाही काही दिसू नये (समान न्याय). खांब पाडून फाटक रुंद केले. एवढे करूनही गाडी दुभाजकावर चढली, तेव्हा संशय टायरवर गेला. टायर बिचारा बोलत नाही.

टायर झिजला की नाही, हे खाचेत नाणे उभे घालून पाहतात म्हणे. आमची पद्धत सोपी आहे. धाकटा दीर चाकापाशी उकिडवा बसतो, हात फिरवतो आणि हळहळतो, "बाबा, हा गेला हो." टायरवरची नवेपणाची रबरी लव अजून शाबूत असते, पण लव म्हणजे काही पुरावा नव्हे. नवा टायर येईपर्यंत गाडी विटांवर उभी राहते. तेवढे दिवस गल्ली सुखरूप.

काढलेला टायर फेकणे हा गुन्हा. विनाकारण काढलेला फेकणे त्याहून मोठा. म्हणून एकाला सुतळी गुंडाळून बैठक केली. एकाला पिवळा रंग देऊन त्यात कोरफड लावली (खाली भोके पाडावीत, नाहीतर डास होतात). एकाचा झोपाळा झाला. पुढचे अंगणात रांगेने उभे आहेत, त्यांनाही काम मिळेल. पाहुणे येतात, फोटो काढतात, आमच्या पर्यावरणप्रेमाची तारीफ करतात. एका गाडीचे एवढे टायर कसे, हे कोणी विचारत नाही. माणसे सुसंस्कृत आहेत. (आपणही विचारले नसते.)

आणि बोलायचे तरी कोणी? या घरातल्या प्रत्येकाला गाडी सासऱ्यांनीच शिकवली. मी भर चौकात गाडी बंद पाडली, मागे भोंग्यांचा कल्लोळ, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "असू दे, तिलाही जरा दम खाऊ दे." अशा माणसाचे मन दुखवायचे नाही, असा ठराव आमच्याकडे एकमताने संमत झालेला आहे, तोही एक शब्द न उच्चारता.

ज्या दिवशी गाडीला चारही चाके असतील त्या दिवशी माझ्या मुलीला शाळेत तेच सोडतात. सुरक्षेत आम्ही कसूर करत नाही. मुलीला मागे बसवतो, पट्टा मी स्वतः ओढून पाहते, आणि पुढे बसलेल्या सासूबाई गप्पा माराव्यात तशा बोलत राहतात, "जरा डावीकडे... सायकल आहे... आता चला."

परवा शाळेपाशी मुलगी उतरून गाडीसमोरून निघाली. सासूबाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या, त्यामुळे बोलणे खंडित झाले. गाडी निघाली. मुलीने उडी मारली. दप्तर चाकाखाली गेले.

संध्याकाळी सगळे अंगणात जमलो. मुलीला लांबून दिसेल असे केशरी जाकीट घ्यावे, अशी सूचना माझ्या नवऱ्याने मांडली. ती सर्वांना पसंत पडली. दीर जॅक घेऊन उठला. "बाबा, पुढचा डावा बघतो जरा."

सासूबाई सुतळीच्या टायरवर बसल्या होत्या. "बस खाली," त्या म्हणाल्या. "यांना दिसत नाही."

दीर जॅकसकट खाली बसला.

"ते मला माहीत आहे," सासरे म्हणाले. "तुम्हांला माहीत होतं?"

आम्ही सगळे कोरफडीकडे पाहू लागलो.

"मग पोरीला रोज माझ्या गाडीत बसवत कोण होतं?"