घराला नावं ठेवायची नाहीत

"घर विकलं जाणार नाही. मी बसलेय ना इथे," असं रंभाबाईंनी जाहीर केलं तेव्हा त्यांच्या हातात लाटणं होतं, त्यामुळे जगनरावांनी लगेच मान डोलावली.

मानपाड्याच्या त्या फ्लॅटमध्ये दोघं नऊ वर्षं भाड्याने राहत होती. त्याआधीच्या बारा वर्षांत डोंबिवलीतच पाच घरं झाली होती. अकरा महिन्यांचा करार संपत आला की नेमकं मालकाच्या मुलाचं लग्न ठरायचं, आणि रंभाबाईंचं कपाट टेम्पोत चढायचं. पाचव्या खेपेला कपाटाचा एक पाय मोडला. तेव्हाच बाईंनी शपथ घेतली होती, की या घरातून आता आपण हलायचं नाही, ज्याला हलवायचं असेल त्यानेच हलावं. आणि आता मालकाचा फोन आलेला! मालक म्हणजे टेंभी नाक्याचा संदेश, बोलायला गोड पोरगा. काकू, फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक येईल त्याला तेवढं घर दाखवा, आणि विकला गेला की दोन महिन्यांत खाली करा, म्हणाला. म्हणजे बोकडानेच सुरीला धार लावून द्यायची.

जगनरावांनी डोकं चालवलं. गिऱ्हाईक आलं की तीन गोष्टी सांगायच्या: घरात अंधार आहे, पाण्याची बोंब आहे, वरून गळतं. पाढे म्हणून घ्यावेत तशा त्यांनी बायकोकडून त्या तीनदा वदवून घेतल्या. शिवाय घरात पसारा हवा. रविवारी अकराला गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर त्यांनी सकाळीच सोफ्यावर ओले टॉवेल टाकले, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग रचला आणि समाधानाने पेपर उघडला.

साडेदहाला रंभाबाईंनी ते दृश्य पाहिलं. परकी बाई घरात येणार, हे बघणार, आणि जाताना काय म्हणणार? पावणेअकराला लादी पुसून झाली होती, दारात रांगोळी पडली होती आणि कढईत पोहे होते.

"अगं, आपलं काय ठरलं होतं?" जगनराव कळवळले.

"घर वाईट दिसलं पाहिजे. बाई वाईट दिसायला नको," रंभाबाई म्हणाल्या.

गिऱ्हाईक वसईचं होतं, बर्नाडेटबाई आणि त्यांचे यजमान मार्सेल. मार्सेल पोह्यांची बशी घेऊन सोफ्यावर बसले आणि पुढे त्यांचं कामच उरलं नाही. बर्नाडेटबाईंची सारी हयात स्वतःच्या वाडीतली भाजी बाजारात विकण्यात गेलेली. चाळीस वर्षं लोकांनी त्यांच्या कोवळ्या वांग्यांना जून म्हटलं होतं आणि मग तीच वांगी पिशवीत भरून नेली होती. वस्तू मनात भरली की तिला आधी नावं ठेवायची, ही बाजाराची रीतच आहे. रंभाबाई स्वतः दर बुधवारी मेथीच्या जुडीशी हेच करतात. पण त्या घडीला त्यांना ते आठवायला हवं होतं ना!

बर्नाडेटबाईंनी हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, अंधारच दिसतोय हो.

जगनरावांना वाटलं, देवच पावला. आता बायकोने फक्त हो म्हणायचं.

"अंधार?" रंभाबाई म्हणाल्या. "पडदा मी जाड शिवलाय म्हणून तुम्हाला तसं वाटतंय." त्यांनी पडदा सरकवला तसं ऊन थेट मार्सेलच्या बशीत पडलं.

मग पाण्याची शंका निघाली. जगनरावांनी घाईघाईने, फार हाल आहेत हो, असं सांगायला सुरुवात केली, तोवर रंभाबाईंनी नळ धो धो सोडलाही होता. सोसायटीची नवी टाकी त्यांनीच भांडून बसवून घेतली होती. भाडेकरूला मीटिंगमध्ये बसता येत नाही असं सेक्रेटरी म्हणाला, म्हणून त्या दारात उभ्या राहून भांडल्या होत्या. हे सगळं सेक्रेटरीच्या नकलेसकट सांगून झालं. जगनराव डोळ्यांनी खुणा करत होते, पण बाई आता कुणाला ऐकत होत्या?

बर्नाडेटबाईंनी छताकडे बोट दाखवलं. डाग आहे, म्हणजे वरून गळत असणार.

रंभाबाई स्टुलावर चढल्या. "डाग चार वर्षांपूर्वीचा आहे. वरच्यांच्या बाथरूममध्ये गवंडी उभा करून मी काम करून घेतलंय. या, हात लावून बघा, ठणठणीत कोरडं आहे." मग त्या खाली उतरल्या. "नऊ वर्षं या घराची एकेक लादी मी हाताने पुसलीय, बाई. घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या. पण माझ्यासमोर घराला नावं ठेवायची नाहीत."

बर्नाडेटबाईंनी मार्सेलच्या हातातली बशी काढून घेतली. मग यजमानांना म्हणाल्या, "उठा. त्या मुलाला फोन लावा, आपण घेतोय म्हणून सांगा."

पाहुणे गेल्यावर जगनरावांनी नुसते हात जोडले. आपण काय करून बसलो ते रंभाबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. त्या स्वयंपाकघरात जमिनीवरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त रडल्या. पुढचा दीड महिना किराणावाल्याकडून खोके आणण्यात आणि वर्तमानपत्रांत कपबशा गुंडाळण्यात गेला. पण चुकलं असं काही त्यांनी म्हटलं नाही. चांगल्या घराला वाईट म्हणायला आपली जीभ रेटत नाही, त्याला आपण काय करणार, एवढंच त्या म्हणायच्या.

अर्धं घर खोक्यांत गेलं होतं तेव्हा बर्नाडेटबाई वाडीतली भाजी घेऊन पुन्हा आल्या. खोके बघून त्यांनी विचारलं, कुठे निघालात? आपण वसई सोडून इथे थोडंच राहायला येणार आहोत, घर भाड्यानेच द्यायला घेतलंय, आणि असं जीव लावून सांभाळणारं माणूस दुसरं कुठून मिळणार, तेव्हा तुम्हीच राहा, असं त्यांनी सांगितलं. रंभाबाईंना काय करू न् काय नको असं झालं. त्यांनी बर्नाडेटबाईंना मिठीच मारली.

"फक्त भाडं पाच हजारांनी वाढेल," बर्नाडेटबाई म्हणाल्या. "ऊन आहे, पाणी आहे, गळत नाही. तुम्हीच तर दाखवलंत."

जगनराव चटकन पुढे सरले. ताई, खरं सांगायचं तर घरात तसा अंधारच असतो, असं त्यांनी सुरू केलं.

"अहो, गप्प बसा," रंभाबाईंनी त्यांना तिथेच दाबलं. मग बर्नाडेटबाईंकडे वळून, मान ताठ करून म्हणाल्या, "पाचच? सहा मागितले असते तरी जास्त नव्हते. घरच तसं आहे."

"बरं," बर्नाडेटबाई म्हणाल्या, "मग सहा."